अनुमानाचे दिवस

एखाद्या नव्या पोकेमॉनचे चित्र जगापुढे प्रथम मांडले जाते, तेव्हा त्याच्याविषयी अधिकृतपणे जाहीर झालेला तपशील अगदी तुटपुंजा असतो: एक नाव, उंची व वजन यांचे दोन आकडे, स्वभावाची ओळख करून देणारी दोनतीन वाक्ये आणि चित्रफितीतील काही क्षणांची हालचाल. एवढ्याच भांडवलावर, खेळ प्रत्यक्ष हाती येईपर्यंतच्या महिन्यांत, त्या जीवाचे कूळ कोणते, मोठा झाल्यावर तो कोणते रूप धारण करील, त्याची शक्ती कोणापुढे चालेल आणि कोणापुढे निष्प्रभ ठरेल, त्याच्या कल्पनेमागे कोणत्या देशीचा कोणता खराखुरा प्राणी उभा आहे, या प्रश्नांची जी मीमांसा जगभरचे चाहते करतात, ती मी गेली अनेक वर्षे आस्थेने वाचीत व ऐकत आलो आहे. आणि ज्याला आपण मुलांचा रिकामपणचा उद्योग म्हणून सहज बाजूस सारतो त्या या मीमांसेत निरीक्षण, तर्क आणि कल्पना यांचा जो संगम घडतो तो आजच्या सार्वजनिक चर्चेत अन्यत्र फारसा आढळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. तिच्यात दोष आहेत, आणि त्यांतले काही गंभीर आहेत. त्यांचाही हिशेब पुढे करावयाचा आहे. परंतु तिचे जे श्रेय आहे ते आधी तिच्या पदरात टाकले पाहिजे.

हा खेळ जन्मला तोच मुळी एका संग्राहकाच्या बालस्मृतीतून. सातोशी ताजिरी हे तोक्योच्या परिसरातील माचिदा येथे वाढले; तेथील तळी आणि शेते धुंडाळून किडे गोळा करण्याचा त्यांना लहानपणी विलक्षण नाद होता, आणि शहर पसरत जाऊन ती सारी जागा इमारतींनी व्यापली तेव्हा पुढच्या मुलांना हा आनंद कोठून मिळणार, ही चिंता त्यांच्या मनात घर करून राहिली. निन्टेंडोच्या गेम बॉय या तळहातावर मावणाऱ्या यंत्रांना एकमेकांशी जोडणारी तार पाहून, तिच्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राकडे सरपटत जाणारा किडा त्यांच्या दृष्टीसमोर उभा राहिला, अशी त्यांनीच सांगितलेली हकीकत आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात तो खेळ विक्रीस आला तो तांबडा व हिरवा अशा दोन आवृत्त्यांत, आणि त्या दोहोंची योजनाच अशी केलेली होती की काही जीव एकीत सापडत तर काही दुसरीत, म्हणजे संग्रह पूर्ण करावयाचा तर दुसऱ्या मुलाकडे जाऊन त्याच्याशी बोलणे, देवघेव करणे याला पर्यायच नव्हता. चर्चा ही या खेळाला नंतर चिकटलेली उपाधी नसून त्याच्या रचनेतच बसवलेले कलम आहे, ही गोष्ट टीकाकार सहसा ध्यानात घेत नाहीत.

आणि त्या पहिल्याच वर्षी चर्चेला तिचा पहिला महान विषयही मिळाला. खेळ जवळजवळ पूर्ण झाला, चाचणीसाठी वापरलेली साधने त्यातून काढून टाकण्यात आली, आणि त्यामुळे स्मृतिकोशात जी चिमूटभर जागा मोकळी राहिली तीत शिगेकी मोरिमोतो या कारागिराने म्यू नावाचा एकशे एक्कावन्नावा जीव बसवून दिला, जो नेहमीच्या मार्गाने कोणाच्याही हाती लागणे शक्य नव्हते. त्याच्या अस्तित्वाची कुणकुण लागताच जपानी मुलांत जे कुतूहल उसळले त्याचे प्रमाण हवे असेल तर एवढेच सांगतो की, ‘कोरोकोरो कॉमिक’ या मासिकाने अवघ्या २० मुलांना म्यू देण्याचे जाहीर केले असता सुमारे ७८,००० अर्ज आले. पुढे खेळ परदेशी गेला तेव्हा तेथील शाळांच्या आवारांत अशी वदंता पसरली की, खेळातील एका बंदरात धक्क्याजवळ जी मालमोटार उभी आहे तिच्याखाली म्यू दडलेला आहे. वदंता खोटी होती. परंतु तिच्यामागचा विचार पाहा: तशी मालमोटार साऱ्या खेळात दुसरीकडे कोठेही नाही; ती जेथे ठेवली आहे तेथे सामान्य खेळाडू पोहोचतच नाही; आणि इतक्या काटकसरीने रचलेल्या जगात निर्हेतुक वस्तू कोणी ठेवणार नाही; तेव्हा तिला काही हेतू असलाच पाहिजे. निष्कर्ष चुकला, पण दहाबारा वर्षांच्या मुलांनी कोणी न शिकवता उभारलेली ही विचारसरणी कोणत्याही तर्काच्या शिक्षकाला कौतुकाने पुढे मांडता येईल अशी आहे.

याच गुणाचा परिपाक पाहावयाचा तर २०१३ साली सिल्व्हिऑन या जीवावरून झालेला वाद आठवावा. मला तो या साऱ्या परंपरेतला सर्वोत्तम वाद वाटतो, आणि म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबणे इष्ट आहे.

ईव्ही हा एक लहानसा, तपकिरी, कोल्ह्याच्या पिलासारखा दिसणारा जीव. परिस्थिती बदलेल तसा तो वेगवेगळ्या रूपांत परिणत होतो, हे त्याचे वैशिष्ट्य. १९९६ च्या खेळात त्याची तीन रूपे होती, जलाचे, विद्युतेचे आणि अग्नीचे. १९९९ मध्ये मनःशक्तीचे एस्पिऑन आणि अंधकाराचे अंब्रिऑन अशी दोन रूपांची भर पडली. २००६ मध्ये तृणाचे लीफिऑन आणि हिमाचे ग्लेसिऑन आले. अशी सात रूपे झाल्यावर सात वर्षांची शांतता गेली, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत एका नव्या, आठव्या रूपाचे चित्र प्रसिद्ध झाले: गुलाबी आणि पांढरा देह, निळे डोळे, कानापाशी आणि गळ्यापाशी गाठी मारून सोडलेल्या लांब रेशमी फितींसारखे अवयव. नाव जाहीर झाले, चित्र जाहीर झाले. मात्र त्याचा ‘टाइप’, म्हणजे तो कोणत्या शक्तीच्या वर्गात मोडतो, एवढी एकच बाब जाहीर करण्यात आली नाही. पोकेमॉनच्या जगात टाइप हा जीवाच्या साऱ्या कर्तृत्वाचा पाया असतो. त्या वेळी असे १७ टाइप होते, आणि १९९९ मध्ये दोन वाढले त्यानंतर त्या संख्येत बदल झालेला नव्हता.

मग पक्ष पडले. एका पक्षाने जे अनुमान मांडले ते आजही मला चकित करते. जुन्या खेळांत, त्यांनी दाखवून दिले, प्रत्येक टाइपचा मारा दोनपैकी एका वर्गात पडत असे, एक देहबलाचा आणि दुसरा विशेष शक्तीचा. विशेष वर्गात एकूण आठ टाइप होते. आणि ईव्हीची जी सात रूपे आजवर झाली ती सातही नेमकी या आठांतलीच आहेत, देहबलाच्या वर्गातले एकही नाही. आठांतून सात गेल्यावर उरतो तो ड्रॅगन. म्हणून सिल्व्हिऑन हा ड्रॅगनच असला पाहिजे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही सात दृष्टान्तांवर उभारलेली आणि एकही अपवाद नसलेली व्याप्ती होती, आणि ज्यांनी ती प्रथम हेरली त्यांच्या निरीक्षणशक्तीला दाद दिलीच पाहिजे. दुसऱ्या पक्षाने हरकत घेतली ती दोन अंगांनी. पहिली अशी की, २००६ पासून माऱ्याचा वर्ग टाइपवरून ठरण्याची वहिवाटच बंद झाली असून तो प्रत्येक माऱ्यागणिक स्वतंत्रपणे ठरू लागला आहे, तेव्हा ज्या नियमाचा आधार घेतला जातो तो नियम रचनाकारांच्या दप्तरी जिवंत आहे याला दाखला काय? आणि दुसरी, अधिक साधी हरकत प्रत्यक्षाची होती: या फितींत, या गुलाबी कांतीत ड्रॅगनचे असे आहे काय? त्या फितींना पंखांचे स्थान देऊन हा उडणाऱ्या वर्गातला जीव आहे असे काही म्हणत. ईव्ही जसा सामान्य वर्गाचा तसाच हाही, असे आणखी काही म्हणत.

परंतु सर्वांत सूक्ष्म युक्तिवाद होता तो तिसऱ्या पक्षाचा. त्यांनी जीवाकडे पाहण्याऐवजी मौनाकडे पाहिले. सिल्व्हिऑनचा टाइप त्या सतरांपैकीच एखादा असता, तर तो लपवून ठेवण्याचे प्रयोजन काय होते? नाव सांगतात, चित्र दाखवतात आणि नेमकी हीच एक बाब गाळतात, याची उपपत्ती एकाच प्रकारे लागते, ती म्हणजे ते उत्तर अद्याप अस्तित्वात नसलेल्या शब्दात आहे. एक अठरावा टाइप येऊ घातला आहे. मीमांसकांनी यालाच अर्थापत्ती म्हटले आहे. दिवसा न जेवणारा देवदत्त धष्टपुष्ट दिसतो, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे, हे त्यांचे जुने उदाहरण. आणि त्या मुलांपैकी बहुतेकांनी त्या देवदत्ताचे नावही ऐकलेले नसताना त्यांची बुद्धी आपोआप त्याच वाटेने चालत गेली, याचा मला आनंद वाटतो.

जून महिन्यात खुलासा झाला. परी या नव्या, अठराव्या टाइपची घोषणा झाली आणि सिल्व्हिऑन त्या वर्गाचा असल्याचे जाहीर झाले. त्या टाइपचे मुख्य लक्षण असे की, ड्रॅगनचा मारा त्याच्यावर मुळीच चालत नाही आणि त्याचा मारा मात्र ड्रॅगनला दुप्पट लागतो. म्हणजे ज्या पक्षाने ड्रॅगन म्हटले होते त्याचा निष्कर्ष उलटला, पण त्याने ज्या दाराशी बोट ठेवले होते त्याच दाराच्या दुसऱ्या बाजूस उत्तर उभे होते. लगेच चर्चेची दुसरी लाट उठली, कारण परीचा टाइप निर्माण झाला तर जुन्यांपैकी कोणकोण आता त्यात मोडेल हा प्रश्न आपोआप उत्पन्न झाला, आणि जिग्लीपफ, मेरिल, गार्डेव्हॉर अशा जुन्या ओळखीच्या जीवांची वर्गवारी बदलल्याचे पाहून सतरा वर्षांचा सारा संग्रह लोकांनी नव्या दृष्टीने तपासून काढला. ते खेळ १२ ऑक्टोबर २०१३ रोजी जगभर एकाच दिवशी विक्रीस आले. मुख्य मालिकेत हे पूर्वी कधी घडले नव्हते. अगदी पहिला खेळ जपानात आला त्यानंतर अमेरिकेत पोहोचायला अडीच वर्षे लागली होती, आणि त्या काळी परदेशी मुलांचे अनुमान म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर जपानी मुलांच्या खिशात आधीच पडलेले आहे अशा प्रश्नाचे अनुमान असे. २०१३ पासून साऱ्या जगाचे अज्ञान एका पातळीवर आले, आणि त्यामुळे चर्चा खऱ्या अर्थाने सर्वांची झाली.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही या चर्चेतून काही हाती लागते, याचे एकच उदाहरण देतो. २०२२ मध्ये विग्लेट नावाचा एक पांढरा, लांबट, वाळूतून डोके वर काढणारा जीव प्रकट झाला. तो पहिल्या पिढीतील डिग्लेट या जमिनीतून डोके काढणाऱ्या जीवासारखा दिसत होता, आणि तरीही त्याच्या परिचयात स्पष्ट म्हटलेले होते की, हा डिग्लेटचा प्रादेशिक भेद नसून सर्वस्वी वेगळी जात आहे. समुद्रतळाच्या वाळूत शेपूट रोवून कळपाने उभे राहणारे बागवाम मासे ज्यांनी पाहिले होते त्यांनी ते साम्य ताबडतोब सांगितले. आणि भिन्न कुळांतले प्राणी सारख्या जीवनक्रमामुळे सारखे रूप कसे घेतात, ज्याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात, ती कल्पना शार्क आणि डॉल्फिन यांच्या दाखल्यांसह हजारो मुलांच्या बोलण्यात आली. शाळेच्या पुस्तकातील ज्या परिच्छेदाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नसते, तो एका काल्पनिक जीवाच्या निमित्ताने त्यांनी स्वतः शोधून वाचला.

महाराष्ट्रातल्या मुलांचा या जगाशी जो संबंध जडला तो थोड्या वेगळ्या मार्गाने, आणि त्या मार्गानेच माझ्या म्हणण्याला बळकटी येते. २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर ही मालिका हिंदीतून दिसू लागली, खाऊच्या पाकिटांतून निघणाऱ्या गोल चकत्या शाळाशाळांतून जमवल्या व बदलल्या जाऊ लागल्या. परंतु ज्या यंत्रांवर मूळ खेळ खेळावयाचा ती आपल्याकडे सहजासहजी मिळत नव्हती, आणि मिळाली तरी मध्यमवर्गीय घराच्या ऐपतीबाहेरची होती. तेव्हा सोलापुरातल्या किंवा चिपळूणमधल्या मुलाचा संग्रह होता तो बहुतांशी बोलण्याचा संग्रह होता: कोण कशात रूपांतरित होतो, कोणाचा मारा कोणावर चालत नाही, हे त्याला तोंडपाठ असे, आणि ते खेळून पाहण्याची मुभा त्याला नव्हती. चर्चा ही इतरांना खेळाची प्रस्तावना होती. त्याला ती सबंध ग्रंथ होती. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा खेळ भारतात रीतसर आला, २०२३ मध्ये तो हिंदीतूनही उपलब्ध झाला, आणि ती मुले, जी आता नोकऱ्या करू लागली आहेत, जिवंत खेळाशी उशिरा का होईना जोडली गेली. पोकेमॉनचा वर्धापनदिन म्हणून जगभर पाळला जाणारा २७ फेब्रुवारी हाच कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि आपला मराठी भाषा गौरव दिन आहे, हा निव्वळ योगायोग. पण त्याच दिवशी पुष्कळदा नव्या खेळाची घोषणा होते आणि त्याच दिवशी पुण्यातले, नागपुरातले आणि परदेशी गेलेले मराठी तरुण एका नव्या जीवाच्या कुळाविषयी आपल्या भाषेत तावातावाने भांडतात, हे मला त्या दिवसाच्या उत्सवाशी विसंगत मुळीच वाटत नाही. भाषेचा गौरव तिच्यात नव्या विषयावर सूक्ष्म वाद घालता येण्यातही असतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो विचारार्ह आहे. ही सारी चर्चा म्हणजे कंपनीची बिनपगारी जाहिरात होय. जीव थेंबाथेंबाने प्रकट केले जातात ते कुतूहल तापते ठेवण्यासाठी, आणि चाहते ज्याला विचार म्हणतात तो वस्तुतः विक्रीच्या तजविजीचा भाग आहे, असे म्हणणारे लोक खोटे बोलत नाहीत. व्यापार आहेच. परंतु ज्या प्रेरणेने वस्तू पुढे ठेवली जाते ती प्रेरणा आणि ती वस्तू पाहून पाहणाऱ्याच्या मनात जे घडते ते, या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्याकडची नाटके आणि दिवाळी अंक हीदेखील कोणी फुकट चालवलेली नाहीत, आणि म्हणून त्यांच्यावर झालेली चर्चा कमअस्सल ठरली नाही. आठ टाइपांची ती व्याप्ती कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नव्हती. ती वाचकाने स्वतः शोधली, आणि जे स्वतः शोधले ते त्याचेच आहे.

खरा दोष दुसरीकडे आहे. जी बुद्धी अनुमानात इतकी सावध असते तीच निवाड्याच्या वेळी कमालीची उतावीळ होते. चित्र दिसल्यापासून घटकाभरात ‘हे डिझाइन टाकाऊ आहे, रचनाकारांच्या कल्पना संपल्या’ असा फैसला सुनावला जातो, आणि इतिहास असा की हे फैसले फारसे टिकलेले नाहीत. २०१० मध्ये कचऱ्याच्या पिशवीच्या रूपातला ट्रबिश आणि आइस्क्रीमच्या रूपातला एक जीव आला तेव्हा जुन्या चाहत्यांनी पूर्वीच्या सुवर्णकाळाचा हवाला देऊन हाहाकार केला. परंतु त्या सुवर्णकाळातच सांडपाण्याच्या गाळाचा ग्राइमर, लोहचुंबकांचा मॅग्नेमाइट आणि नुसत्या चेंडूसारखा व्होल्टॉर्ब होते, याची आठवण त्यांना राहिली नव्हती. बालपणी जे पाहिले ते स्वाभाविक वाटते आणि मोठेपणी जे पाहिले ते कृत्रिम वाटते. हा मनाचा धर्म असेल, पण तो सौंदर्याचा निकष होऊ शकत नाही. २०१६ च्या मे महिन्यात लिटन हा काळा, तांबड्या पट्ट्यांचा मांजराचा बच्चा ‘स्टार्टर’, म्हणजे खेळाच्या आरंभी निवडावयाचा जीव, म्हणून प्रकट झाला, तेव्हा तो मोठेपणीही चार पायांवरच राहावा अशी लोकांनी अक्षरशः विनवणी केली. त्याचे अंतिम रूप इन्सिनरोर हे मात्र दोन पायांवर उभे राहणाऱ्या, छाती फुगवलेल्या कुस्तीगिराचे निघाले, आणि निराशेचा एकच कल्लोळ झाला. तोच इन्सिनरोर नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या दुहेरी सामन्यांत सर्वाधिक भरवशाच्या जीवांपैकी एक ठरला. विनवणीबद्दल मी कोणाला दोष देत नाही, कारण एखाद्या जीवाने अमुक रूपात राहावे असे वाटणे हे प्रेमच आहे, आणि २०२२ मध्ये स्प्रिगाटिटो या हिरव्या मांजराच्या बाबतीत त्याच प्रेमाने तीच विनवणी पुन्हा केली व ती पुन्हा विफल झाली. दोष आहे तो, विनवणी मान्य झाली नाही म्हणून कलावंताच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यात.

२०१९ मध्ये हा दोष अगदी उघडा पडला. त्या जूनमध्ये, नव्या खेळात जुने सगळेच जीव आणता येणार नाहीत असे निर्माते जुनिची मासुदा यांनी सांगितले, आणि चाहत्यांना जे दुःख झाले त्यात खोटे काही नव्हते. २००२ च्या खेळात पकडलेला जीव एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा सतरा वर्षे जपून आणणारे लोक त्यांत होते, आणि ‘आता हा येथेच राहील’ हे ऐकणे त्यांना जड जाणारच. ती तक्रार न्याय्य होती, तिची कैफियत शांतपणे मांडता आली असती, आणि कित्येकांनी ती तशी मांडलीही. पण पुढच्या महिन्यांत जो जो नवा जीव प्रकट झाला त्याच्या वाट्याला त्या रागाचा भरणा आला. ‘याच्यासाठी जुने काढले काय?’ या एका प्रश्नाने त्याचे स्वागत झाले, आणि खेळ बाजारात येईपर्यंत रचनाकार खोटारडे आहेत अशी घोषणा सामुदायिकपणे दिली जाऊ लागली. ज्या चित्रकाराने वर्ष दीड वर्ष खपून एक नवा जीव घडवला त्याचा त्या निर्णयाशी संबंध असो वा नसो, शिक्षा त्याला झाली. चर्चेचे इतके नुकसान कोणत्याही बाहेरच्या टीकाकाराने केलेले नाही.

आणि दुसरे संकट आहे चोरीचे, ज्याला सारे ‘लीक’ म्हणतात. त्याच २०१९ च्या नोव्हेंबरात, खेळ येण्यापूर्वी, छापल्या जात असलेल्या मार्गदर्शक पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे बाहेर फुटली. प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये दोघा प्रतिवादींनी प्रत्येकी दीड लाख डॉलर देण्याचे मान्य करून ते मिटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर याहून मोठा प्रकार झाला: हे खेळ घडवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीच्या यंत्रणेत आधीच घुसखोरी होऊन तिच्या कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहितीही चोरली गेल्याचे कंपनीने मान्य केले, आणि जुन्या खेळांची टिपणे व कधीही प्रसिद्ध न झालेल्या जीवांची कच्ची चित्रे सर्वत्र पसरली. ती पाहण्याचा मोह मी समजू शकतो, कारण नाकारलेल्या रूपांतून स्वीकारलेल्या रूपाचा अर्थ कळतो हे खरे आहे. तरीसुद्धा कलावंताने स्वतःच्या हाताने बाजूस ठेवलेला कच्चा खर्डा हा त्याचा खाजगी दस्तऐवज असतो, आणि तो चोरून आणला गेला असता त्याची चिकित्सा करावयास बसणे हे चिकित्सेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. शिवाय चोरीने ज्ञान मिळते तेव्हा अनुमान मरते. २०१३ च्या फेब्रुवारीत कोणी अंतर्गत कागद बाहेर टाकून ‘परी’ हा शब्द सिद्ध केला असता, तर त्या चार महिन्यांत झालेला एकही युक्तिवाद झाला नसता, आणि त्या युक्तिवादांच्या मोबदल्यात आपल्याला मिळाले असते ते केवळ चार महिने आधी कळलेले एक नाव.

तेव्हा चाहत्यांकडून माझी अपेक्षा एवढीच की, खेळ हाती येईपर्यंत अनुमान मनसोक्त करावे आणि निवाडा तहकूब ठेवावा. पण निर्मात्यांकडेही मागणे आहे, कारण अलीकडे जाहिरातपटांतूनच एवढे दाखवले जाते की अनुमानाला जागाच उरत नाही. ग्राफायाय या जीवाचे प्रकटन त्यांनी २०२२ मध्ये ज्या रीतीने केले ती रीत मला आदर्श वाटते. प्रथम आली ती रानात निरीक्षणासाठी लावलेल्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखी एक चित्रफीत, आणि तीत सर्व काही पुरते दिसावे अशी योजनाच नव्हती; जे अर्धेमुर्धे हाती लागले त्यावरून लोकांनी तर्क केले, आणि पूर्ण रूप जाहीर झाले तेव्हा तो निघाला बोटांना विषारी लाळ लावून झाडांवर नक्षी काढणारा एक निशाचर, ज्याचा मूळ नमुना म्हणजे मादागास्करमधला आय-आय हा लांब बोटाने खोड ठोकून आतल्या अळ्या शोधणारा लेमूर. अपुऱ्या पुराव्यावर तर्क करण्याची ती संधी चाहत्यांना मुद्दाम देण्यात आली होती. प्रत्येक नव्या पिढीच्या वेळी असे निदान चारसहा जीव तरी याच रीतीने पुढे आणावेत, आणि स्टार्टरांची अंतिम रूपे विक्रीच्या दिवसापूर्वी जाहिरातीत मुळीच दाखवू नयेत, अशी विनंती कंपनीला चाहत्यांनी संघटितपणे करावी. ज्या एकजुटीने २०१९ मध्ये घोषणा दिल्या गेल्या तेवढीच एकजूट या कामाला पुरेशी आहे.